जुन्या डेस्कटॉपला ४ टीबीची डिस्क, पण वापरता येते २ टीबीच?

पारोळ्यातल्या एका फोटो स्टुडिओच्या जुन्या डेस्कटॉपला मी नुकतीच ४ टीबीची दुसरी हार्ड डिस्क बसवली. जोडणी सोपी आहे. मशीन बंद करून प्लग काढायचा, साटा केबल मदरबोर्डला आणि पॉवर केबल एसएमपीएसची. खरी गोम पुढे. विंडोज विचारतं, एमबीआर की जीपीटी? एमबीआरमध्ये सेक्टरचा नंबर ३२ बिटांचा. सेक्टर ५१२ बाइटचा धरला, की हिशोब २ टीबीवर संपतो आणि उरलेली जागा पडून राहते. म्हणून जीपीटी निवडा, विंडोज ७ लाही डेटासाठी ते चालतं. बूट मात्र जुन्याच डिस्कवरून राहू द्या, कारण जीपीटीवरून विंडोज सुरू व्हायला यूईएफआय लागतं. आणि फॉरमॅट करण्याआधी डिस्कची साइझ दोनदा बघा. चुकून जुनी निवडली, तर गावातल्या कित्येक लग्नांचे फोटो गेलेच समजा.