चौदा फुटी होडीचा उन्हाळा

कोंकणांतल्या खाडीकांठीं ज्यांचीं मूळ घरें आहेत असे आमचे पुष्कळ वाचक असतील. होडी त्यांना नवी नाहीं. परंतु ती तरीपुरती किंवा मासळीपुरती. तरण्याताठ्या मुलांनीं उन्हाळाभर निव्वळ शर्यतीसाठीं होडींत बसावें ही कल्पना आमच्या घरांतून अजूनहि विचित्रच वाटते. एके काळीं समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत गणली गेली होती आणि परदेशीं जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. तो निर्बंध गेला; पाण्याची धास्ती मात्र मागें राहिली. म्हणूनच १९२८ सालच्या एका उन्हाळ्याची हकीकत येथें सांगावीशी वाटते.

इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट नांवाचें बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाचें काउज हें गांव म्हणजे शिडाच्या होड्यांचें माहेरघर. त्या परिसरांत १८९८ सालीं जन्मलेला उफा फॉक्स हा सात वर्षें सॉन्डर्स यांच्या कारखान्यांत उमेदवार होता. तेथें शर्यतीच्या मोटारबोटी आणि पाण्यावर उतरणारीं विमानें तयार होत. वेगवान बोट पाणी फाडीत न जातां पाण्यावर चढून घसरत जाते, हें रहस्य त्याच्या मनांत तेथेंच ठसलें. पुढें त्यानें माणसें नदीपार नेणारी एक मोडीत निघालेली मोठी तर विकत घेतली आणि तिच्यांतच आपलें घर व कारखाना थाटला! असल्या गृहस्थाला आमच्याकडे छांदिष्ट म्हणतील, आणि तो तसा होताहि. पहिल्या महायुद्धानंतर तो बालवीरांच्या सागरी पथकाचा प्रमुख होता. एकदां तो हीं पोरें उघड्या नावेंत घालून, पालकांची संमति न घेतां, इंग्लिश खाडी ओलांडून थेट फ्रान्समध्यें सीन नदींत घेऊन गेला. मुलें सुखरूप परत आलीं. पण फॉक्सचें प्रमुखपद गेलें. आमच्या मतें पालकांचा राग अगदीं रास्त होता. साहस स्वतःच्या जिवावर करावें, दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवावर नव्हे.

त्या काळीं तिकडे चौदा फूट लांबीच्या लहान होड्यांच्या शर्यती नुकत्याच नांवारूपास येत होत्या. १९२७ पासून त्यांच्यासाठीं ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ चषकहि ठेवण्यांत आला. सामान्य होडी पाणी दोन बाजूंस सारीत चालते, आणि असें करतांना ती आपणच उठविलेल्या लाटेंत अडकते. तिची लांबी जितकी, तितकीच तिच्या वेगाची मर्यादा. चौदा फुटी होडीस ही मर्यादा ताशीं सुमारें पांच सागरी मैलांची पडते. वारा कितीहि वाढो, तिच्या वेगांत फारशी भर पडत नाहीं. फॉक्सनें १९२८ सालीं बांधलेल्या ‘अव्हेंजर’ नांवाच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचें टोक, खालीं पाचरीसारखी खोल होती. मागचा तळ मात्र लांब आणि सपाट. वाऱ्याचा जोर लागला कीं ही होडी स्वतःच्या लाटेवर चढे आणि पाण्याच्या पाठीवरून घसरत निघे.

नुसत्या आकारानें मात्र हें साधत नाहीं, आणि आमच्या मतें या खेळांतली खरी गोम येथेंच आहे. वाऱ्याचा झोत आला कीं शीड होडीला कलंडवूं पाहतें. कललेली होडी पाण्यांत रुतते. सपाट राहिली तरच ती वर चढते. तिला सपाट ठेवणारें मुख्य वजन म्हणजे आंतलीं माणसेंच. म्हणून खलाशी कांठावर बसतो, पाय आंत अडकवतो आणि पाठ उघड्या पाण्यावर झोकून देतो. झोत ओसरला कीं निमिषांत आंत यावयाचें. नाहीं तर होडी त्याच्याच अंगावर उलटते. वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चालतांना दर वळणास शीड डोक्यावरून सणकन् पलीकडे जातें. तेव्हां वांकून, सरपटत दुसरा कांठ गांठावयाचा आणि पुन्हा पाठ बाहेर टाकावयाची. हें सारें सुकाणूं धरणाऱ्याच्या मनांतला विचार त्यानें उच्चारण्यापूर्वींच ओळखून करावें लागतें. विजयाच्या याद्यांत नांव चढतें तें बहुधा सुकाणूंवाल्याचें. भिजलेला, खरचटलेला सोबती अनामिकच राहतो, हें आम्हांला न्यायाचें वाटत नाहीं.

त्या उन्हाळ्यांत ‘अव्हेंजर’ ५७ शर्यतींत उतरली. त्यांपैकीं ५२ तिनें जिंकल्या, दोहोंत ती दुसरी आली आणि तिहींत तिसरी. प्रिन्स ऑफ वेल्स चषकहि तिनेंच नेला. एवढ्यानेंहि समाधान न होऊन फॉक्स आपल्या सोबत्यांसह याच उघड्या होडींतून सुमारें १०० मैलांचा समुद्र ओलांडून फ्रान्समधील ल हाव्र बंदरीं शर्यतीस गेला. रात्र अर्थातच होडींतच काढावी लागली. शर्यती आटोपून मंडळी आलीं तशींच शिडावर घरीं परतलीं. या वेळीं बरोबर होते ते मात्र स्वखुशीनें आलेले जाणते सोबती. त्यामुळें त्या बालवीरांच्या सफरीवर आम्हीं घेतलेला आक्षेप येथें लागूं पडत नाहीं.

पाठ बाहेर टाकण्याच्या युक्तीची पुढची पायरी १९३८ सालीं आली. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंत मृत्यु पावलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा पीटर स्कॉट आणि त्याचा मित्र जॉन विंटर यांनीं डोलकाठीस एक तार बांधली. तिला कमरेचा पट्टा अडकवून खलाशी होडीच्या कांठावर पाय रोवून पाण्यावर जवळजवळ आडवा उभा राहूं लागला. त्या वर्षींचा चषक त्यांनींच जिंकला आणि पंचांनीं लागलीच ती तार निषिद्ध ठरविली!

आज तीच तार या खेळांत सर्वमान्य आहे. २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत, इंडोनेशियांत, वर्षा गौतम आणि मुंबईच्या श्वेता शेरवेगर या दोघींनीं सुमारें सोळा फुटी होडींत अशाच तारेवर लोंबकळत रौप्यपदक मिळविलें. मुंबईच्या बंदरांत ‘रॉयल बॉम्बे यॉट क्लब’ १८४६ पासून आहे. तेव्हां मुंबईचें नांव येथें यावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें देवासचें. पवारांचें हें संस्थान समुद्रापासून किती दूर, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. तिकडची सतरा वर्षांची नेहा ठाकूर भोपाळच्या तलावांवर शिडाची होडी शिकली. तिची होडी एकटीनें चालवावयाची. तेथें सुकाणूंवालाहि आपणच आणि पाठ बाहेर टाकणाराहि आपणच. या खेळांत पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, असे गुण मिळतात. ज्याचे कमी तो वरचढ. २०२३ सालीं चीनमधील हांगझो येथील आशियाई स्पर्धांत ती ११ शर्यती लढली. त्यांतली तिची सर्वांत वाईट शर्यत म्हणजे पांचवा क्रमांक. नियमाप्रमाणें तेवढी वगळून तिचे २७ गुण झाले आणि तिला रौप्यपदक मिळालें. तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे गुण होते २८.