माळ्यावरच्या कॅसेटला बुरशी आलीय? वाजवण्याआधी हे वाचा

लोणावळा-खंडाळ्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, मिठाला पाणी सुटतं. इथल्या घरांना यात नवं काही नाही. पण त्याच ओलीत माळ्यावरच्या पेटीतल्या ऑडिओ कॅसेट आणि व्हीएचएस टेपही खराब होत असतात. जुनी गाणी, जुने डेक, जुन्या मालिका यांचा नाद असलेल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. बाकीच्यांना ते कळतं टेप प्लेअरमध्ये गुंडाळली गेल्यावर.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कामशेत, वडगाव, तळेगावकडे यावं तसा तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे एकाच वर्षी घेतलेल्या दोन कॅसेटपैकी तळेगावची नीट वाजते आणि लोणावळ्याची नाही, असं होऊ शकतं.

टेपवर नेमकं काय होतं?

टेप म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर चुंबकीय कण एका चिकट थराने बसवलेले असतात. आवाज किंवा चित्र असतं ते या कणांत. हवेत आर्द्रता सतत जास्त राहिली की तो चिकट थर ओलावा शोषतो, मऊ पडतो, आणि त्यावर बुरशी धरते. व्हीएचएसच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी जाळी किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशीच समजा.

अशी टेप ‘बघू तर खरं’ म्हणून प्लेअरमध्ये घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. व्हीसीआरमधला हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो. बुरशी त्याला चिकटते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या टेपवर पसरते. एका टेपपायी सगळी पेटी जाते. बुरशीवाली टेप आधी वेगळी काढा, प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत कोरडी होऊ द्या आणि साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या. हेअर ड्रायर लावू नका आणि उन्हातही ठेवू नका. उष्णतेने पट्टी वाकते.

घाई कशाची?

टेप वाजवणारी यंत्रंच संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये इशारा दिला होता की, २०२५ च्या सुमारास जगाच्या बऱ्याच भागांत टेप वाजवण्याची सोय उरणार नाही. ते वर्ष आलं सुद्धा. जुन्या बाजारात डेक मिळतो, पण त्याचे रबरी पट्टे बहुतेक वेळा वितळून डांबरासारखे झालेले असतात, आणि ते बदलून देणारा मेकॅनिक डेकपेक्षाही दुर्मीळ.

टीव्हीवरून केलेलं रेकॉर्डिंग जपायचं कशाला?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुणे परिसरासाठी पुनःप्रक्षेपण होऊ लागलं. हे सिग्नल साधारण सरळ रेषेत जातात. लोणावळा पडलं दोन्हींच्या मध्ये. एकीकडे वरळीचा मनोरा, दुसरीकडे सिंहगड, आणि आड सह्याद्रीच्या रांगा. म्हणून उंच खांबावरचा अँटेना, बूस्टर आणि ‘आलं का?’ असं गच्चीवरून ओरडणं. त्या काळातल्या व्हीएचएसवर मुंग्या दिसल्या, तर दोष टेपचाच असेल असं नाही. कित्येकदा चित्र आलंच तसं होतं.

पण हे मुंग्यांचं चित्रही मोलाचं ठरू शकतं. टेप महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा घ्यायची पद्धत जगभरच्या वाहिन्यांत होती, आपल्या दूरदर्शनमध्येही. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले. आज त्यांचा निदान आवाज शिल्लक आहे, तो चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवल्यामुळे. प्रसार भारतीने जुने काही कार्यक्रम यूट्यूबवर आणले आहेत, पण सगळंच त्यांच्याकडे असेल असं धरून चालू नका. ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’चा एखादा भाग तुमच्या पेटीत निघाला, तर त्यावर भाच्याचं बारसं रेकॉर्ड झालेलं नाही ना, एवढं आधी पाहा!

सुरुवात कुठून?

जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, तिथून. सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट थांबू शकते, ती गाणी फोनवर आहेत. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेट जपाव्यात अशाच, पण त्यांच्या प्रती इतरांकडेही असतील. गावच्या हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, भजनी मंडळाचा पखवाज, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नाची व्हीएचएस मात्र एकच असते.

कॅसेट हाती घेतल्यावर पहिलं काम म्हणजे वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडणं. मग चुकून ‘रेकॉर्ड’ दाबलं तरी पुसली जात नाही. नंतर पेन्सिलीने रीळ हळूच फिरवून ते मोकळं आहे का पाहा. डेकचं हेड आणि रबरी रोलर कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आवाज दबलेला आला तर टेपलाच दोष देऊ नका. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवल्यावर कित्येकदा तो खुलतो.

डेकच्या लाइन-आउटमधून लॅपटॉपच्या लाइन-इनला किंवा स्वस्तातल्या यूएसबी ऑडिओ कार्डला वायर जोडा. फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका, पंख्याचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज कायमचा आत जातो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवा, एमपीथ्री नंतर कधीही करता येते. सीडीच्या दर्जाची एक तासाची स्टिरिओ फाइल साधारण ६३५ एमबीची होते, आणि एक तासाच्या टेपला एक तास लागतोच. इथे फास्ट फॉरवर्डचा उपयोग नाही. व्हीएचएससाठी पिवळी, पांढरी, लाल वायर घेणारं यूएसबी कॅप्चर उपकरण लागतं.

घरासाठी प्रत काढणं वेगळं आणि दुसऱ्या कंपनीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवणं वेगळं. तिथे कॉपीराइट आडवा येतो.

फाइलला ‘ट्रॅक ०१’ असं नाव देऊन मोकळे होऊ नका. गाव, साल, कोण गातंय, पखवाजावर कोण, हे घरातल्या जुन्या माणसाला फोनवर ऐकवून विचारा आणि फाइलच्या नावातच लिहा. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. मूळ टेप पुन्हा माळ्यावर टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभी ठेवा, आणि त्या पुड्या जूनच्या आधी बदला.