विश्लेषण : मँचेस्टर ते जासई… औद्योगिक क्रांतीचा दोनशे वर्षांपूर्वीचा धडा नवी मुंबईला काय सांगतो?

औद्योगिक क्रांती म्हटले की वाफेचे इंजिन आणि कापडगिरण्या आठवतात. पण गावाची जमीन जाणे, गिरण्यांभोवती शहर वाढणे आणि मताच्या हक्कासाठी रक्त सांडणे हेही त्याच काळात घडले. इंग्लंडला या बदलासाठी जवळपास शंभर वर्षे लागली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील गावांनी तो १९६० नंतरच्या तीन दशकांत अनुभवला. आता ‘तिसऱ्या मुंबई’ची आखणी सुरू असताना ही तुलना महत्त्वाची ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये काय घडले?

सुरुवात जमिनीपासून झाली. इंग्लंडमधील गावांमध्ये आपल्याकडील गायरानासारखी सामाईक जमीन असे. भूमिहीन माणूस तिथे गाय चारायचा, सरपण गोळा करायचा. १७५० ते १८५० या काळात संसदेने सुमारे चार हजार कायदे करून अशा जमिनींना कुंपण घालण्यास परवानगी दिली. कागदावर ज्याचा हक्क होता त्याला वाटा मिळाला. ज्याचा हक्क केवळ वहिवाटीचा होता, त्याच्या हाती बहुधा काहीच लागले नाही. अशी अनेक कुटुंबे मजुरीसाठी शहरांकडे वळली. १८०१ मध्ये सुमारे ७५ हजार वस्ती असलेले मँचेस्टर १८५१ पर्यंत तीन लाखांच्या घरात पोहोचले.

१८११-१२ मध्ये नॉटिंगहॅम परिसरातील विणकरांनी यंत्रे फोडली. हेच ते ‘लुडाइट’. त्यांचा राग यंत्रापेक्षा त्या आडून होणाऱ्या मजुरीकपातीवर होता. सरकारने यंत्र फोडणाऱ्यास फाशीची तरतूद करणारा कायदा आणला. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. त्यानंतर तेविसाव्या वर्षी, १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यात आली. खाडीपलीकडच्या वाशीत लोकल पोहोचायला मात्र १९९२ उजाडले.

नवी मुंबईची जमीन कशी गेली?

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने येऊ लागले होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांतील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरवण्यात आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी वस्ती या क्षेत्रात होती. संपादनासाठी वापरला गेला तो ब्रिटिशांनी १८९४ मध्ये केलेला कायदा. त्यात मोबदल्याची तरतूद होती, उभ्या राहणाऱ्या शहरात वाटा देण्याची नव्हती.

पीटरलू आणि जासई यांत साम्य काय?

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात सुमारे ६० हजार लोक मताधिकारासाठी जमले. एवढ्या मोठ्या शहराचा संसदेत एकही स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता, तर ओल्ड सॅरमसारख्या ओसाड जागेला दोन होते. शांत जमावावर घोडदळ घालण्यात आले. त्यात किमान १५ जण मारले गेले आणि शेकडो जखमी झाले. ही घटना ‘पीटरलू’ म्हणून ओळखली जाते. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मँचेस्टरला दोन प्रतिनिधी मिळाले, पण मजुराला मत मिळाले नाही.

उरण परिसरात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जमीन वाचवण्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. जासई-दास्तान आणि नवघर येथे पाच जण हुतात्मा झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील मूळचे जासईचेच. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला देण्याचे धोरण आले. सार्वजनिक सुविधांसाठीची ३० टक्के कपात वजा जाता हाती पडले ते पावणेनऊ टक्के. तरीही शहर उभारताना मूळ मालकाला त्यात भागीदार करण्याचे तत्त्व यातून मान्य झाले.

मग फरक कोठे?

मँचेस्टरच्या मजुराकडे मत नव्हते, उरणच्या शेतकऱ्याकडे ते होते. दि. बा. पाटील पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार होते. तरीही केवळ मताने प्रश्न सुटला नाही, रस्त्यावर उतरावे लागले. दुसरे म्हणजे, साडेबारा टक्क्यांचा हिशेब संपादित क्षेत्रावर होता. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याची खाडी कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हती. वहिवाटीचा हक्क मोजायचा कसा, हा इंग्लंडच्या सामाईक जमिनींपुढचा प्रश्न येथेही राहिला. वाढत्या कुटुंबांनी गावठाणांलगत बांधलेल्या ‘गरजेपोटी’ घरांचा वादही त्याच काळापासून चालत आला आहे.

संस्कृतीवर काय परिणाम झाला?

गाव बदलू लागले की गावाच्या आठवणी जपण्याची धडपड सुरू होते. ग्रिम बंधूंनी जर्मन लोककथांचा पहिला खंड १८१२ मध्ये काढला. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याने आपल्या गावाभोवती पडलेल्या कुंपणावर कविता लिहिल्या. आगरी समाजात लग्नविधींची ‘धवला’ गीते धवलारीण गाते. ती तोंडपाठ, एका पिढीकडून दुसरीकडे आलेली. शेत गेले, लग्न हॉलमध्ये आले, तशी ही गीते मोजक्या बायांच्या स्मरणात उरली. वाशी, सानपाडा, नेरुळ, घणसोली ही गावांची नावे मात्र रेल्वे स्थानकांवर टिकली. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी जून २०२१ मध्ये मानवी साखळी आणि सिडकोला घेराव झाला. त्या गर्दीमागे नाव टिकवण्याची हीच भावना होती.

आता हा प्रश्न का?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या नवनगरासाठी एमएमआरडीएची नियुक्ती झाली. गावकऱ्यांनी त्यावर हरकतीही नोंदवल्या. ऐरोली-महापे पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटर उभी राहत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवलेल्या माणसाला अशा ठिकाणी कोणते काम मिळणार, हे अद्याप ठरायचे आहे. साडेबारा टक्क्यांचा निर्णय गोळीबारानंतर सहा वर्षांनी झाला. नव्या १२४ गावांत शेतकरी, मच्छीमार आणि मजूर यांचा वाटा किती, हे जमीन घेण्यापूर्वीच कागदावर आले, तर जासईची पुनरावृत्ती टाळता येईल.