पार्सल पुढे जाऊ द्यायचं का?

सकाळी साडेसहा. मुंबईत अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोच्या (एनसीबी) अधिकाऱ्याचा कामाचा दिवस कधीकधी असा खबऱ्याच्या फोनने सुरू होतो. टीप तोंडी असली तरी लगेच लिहून काढायची आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे द्यायची. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम ४२ इथूनच मागे लागतं. हा कायदा १९८५चा, आणि त्याच्याच आधारे मार्च १९८६मध्ये एनसीबी उभी राहिली.

दहा वाजता बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयात संशयित पार्सल दोन पंचांसमोर उघडतात. आतली पांढरी पूड चाचणी किटवर तपासली, की रंग बदलतो. मग वजन. मेफेड्रोन, म्हणजे गल्लीबोळातलं एमडी, ५० ग्रॅमच्या वर गेलं की मात्रा व्यावसायिक ठरते. शिक्षा किमान १० वर्षं. काट्यावरच्या आकड्यावर कुणाच्या तरी आयुष्याची दहा वर्षं ठरणार असतात, म्हणून तो आकडा पंचांनी स्वतः वाचलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

अकरा. आता खरा प्रश्न: माल इथेच जप्त करायचा, की पाळत ठेवून पुढे जाऊ द्यायचा? जप्त केला तर हाती फक्त पुडी लागते, मागवणारा नामानिराळा राहतो. पुढे सोडला आणि वाटेत हरवला, तर तेच विष कुठल्या तरी पोराच्या हातात पडणार. कलम ५०अ प्रमाणे हा अधिकार दिल्लीतल्या महासंचालकांचा किंवा त्यांनी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचा. संस्थेचं नेतृत्व कसाला लागतं ते इथे. छाप्यानंतर कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यामानाने फार सोपं.

दुपारी पार्सल घ्यायला माणूस येतो. अंगझडतीआधी त्याला सांगावंच लागतं, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे. ही दोन वाक्यं राहून गेली, तर अंगावर सापडलेल्या मालाचा पुरावा कोर्टात टिकत नाही.

सहाला मुद्देमाल सीलबंद. नमुने आता जागेवर काढत नाहीत. २०२२च्या नियमांप्रमाणे ते दंडाधिकाऱ्यांसमोर काढतात. आरोपीचा जबाब घेतला तरी त्यावर विसंबता येत नाही. तूफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं, की एनसीबीच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. हा निकाल मला योग्यच वाटतो. त्यामुळे तपास फोनच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, पंचनामा यांवर उभा करावा लागतो.

रात्री नऊ. अटक-जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांकडे जायला हवा, तो लिहिणं चालू असतं. २०२४मध्ये सुरू झालेली १९३३ ही ‘मानस’ हेल्पलाइनही या वेळी चालूच असते. तिच्यावर कुणी विक्रेत्याची खबर देतं, कुणी घरातल्या व्यसनी मुलासाठी मदत मागतं. खबर तपासाकडे जाते, मुलासाठी समुपदेशक असतो. थोडक्या मात्रेसह पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पुरे केले, तर कलम ६४अ त्याला खटल्यातून वाचवतं. ही गोष्ट त्याच्या आईला त्याच रात्री कळायला हवी.