अंगठीचें सोनें कोठून आलें?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. त्याचें लग्न ठरलें होतें. वाङ्निश्चयाची एक व लग्नाची एक अशा अंगठ्या करावयाच्या होत्या, आणि त्यावरून घरांत थोडा वाद माजला होता. मातोश्रींच्या पेटींत आजीची एक झिजलेली अंगठी व एक पिचलेली बांगडी होती. त्या मोडून अंगठ्या कराव्या, असें मुलाचें व नियोजित वधूचें म्हणणें. "नव्या संसाराला जुनें सोनें कशाला? लोक काय म्हणतील?" असा मातोश्रींचा प्रश्न. "सर, आईला कसें समजावूं?" असें त्यानें विचारलें. मी त्यास जें सांगितलें, तेंच नीट जुळवून येथें देत आहें. कारण आज वर्गांत बसलेल्या मुलामुलींवर हा प्रसंग कांहीं वर्षांनीं येणार आहे, आणि त्या वेळीं पेटीच्या किल्ल्या पालकांच्याच हातीं असणार.

प्रथम हिशेब पाहूं. चार ग्रॅम वजनाच्या २२ कॅरट अंगठींत सुमारें ३.६७ ग्रॅम शुद्ध सोनें असतें. आजच्या पुष्कळ मोठ्या खाणींत एक टन खनिज फोडलें, तर एक ते चार ग्रॅम सोनें निघतें. म्हणजे या चिमुकल्या वस्तूसाठीं एकापासून जवळजवळ चार टनांपर्यंत दगड फोडून दळावा लागतो. त्यावरील माती व खडक दूर करावे लागतात ते निराळेच. दळलेल्या दगडांतील सोनें सायनाइडच्या पाण्यांत विरघळवून काढतात. ही रीत १८८७ सालीं स्कॉटलंडमध्यें निघाली. सोनें हातीं येतें, व विषारी गाळ मागें राहतो. तो बांध घालून अडवावा लागतो. ३० जानेवारी २००० रोजीं रुमानियांत बाया मारे शहराजवळ असा एक बांध फुटला. विष तिसा नदींतून डॅन्यूबपर्यंत गेलें, आणि वाटेंत हंगेरींत मेलेल्या माशांचा खच पडला. आपल्या देशांत कर्नाटकांतील कोलारच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या. परंतु शंभराहून अधिक वर्षांत साठलेले गाळाचे डोंगर वस्तीशेजारीं तसेच राहिले, आणि वारा सुटला म्हणजे त्यांची धूळ लोकांच्या घरांत येते.

याहून मोठें संकट लहान खाणींचें आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आशिया या खंडांत एक ते दोन कोटी माणसें साध्या अवजारांनीं खणून सोनें काढतात; त्यांत लक्षावधि स्त्रिया व मुलें आहेत. कुटलेल्या दगडांत पारा मिसळला, कीं तो सोन्याच्या कणांस धरतो. तो गोळा फडक्यांतून पिळून विस्तवावर धरला म्हणजे पारा उडून जातो, व सोनें उरतें. काम सोपें व स्वस्त. परंतु उडालेला पारा जवळ उभ्या असलेल्या मुलाच्या श्वासांत जातो, आणि सांडलेला पारा नदींत जातो. नदीच्या गाळांतील सूक्ष्म जंतु त्याचें अधिक भयंकर विष बनवितात. तें माशांत शिरतें, माशांतून माणसांत येतें, आणि गर्भवती स्त्रीच्या पोटांतील बाळाच्या मेंदूपर्यंत पोंचतें. जपानांतील मिनामाता येथें या विषानें झालेला रोग १९५६ सालीं प्रथम नोंदला गेला. तेथें तें कारखान्याच्या सांडपाण्यांतून समुद्रांत गेलें होतें. त्याच गांवाच्या नांवानें २०१३ सालीं पाऱ्यास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, व तो २०१७ सालीं अंमलांत आला. भारतहि त्यांत सामील आहे. तरीहि मनुष्याच्या हातून हवेंत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा या लहान खाणींचाच आहे.

दुकानांत गेल्यावर आपण हॉलमार्क पाहतों, व तो अवश्य पाहावा. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आंकडा असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनें. परंतु ही खूण सोन्याची शुद्धता सांगते. उगम सांगत नाहीं. मुशींत वितळलें, कीं खाणीचें, नदीचें व मोडीचें सोनें एकच होऊन जातें. यावरूनच मातोश्रींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. ज्यास आपण 'नवें सोनें' म्हणतों, त्यांत कोणाच्या तरी जुन्या बांगड्या आटविलेल्या असणें सहज शक्य आहे. परक्याचें अनोळखी जुनें सोनें चालतें, तर आपल्या आजीचें ओळखीचें सोनें कां चालूं नये?

म्हणून पहिला मार्ग घरांतलाच. आजवर खणून काढलेलें बहुतेक सर्व सोनें, म्हणजे दोन लक्ष टनांहून अधिक, अजून मनुष्यजातीपाशींच आहे. कारण सोनें गंजत नाहीं. जुनी अंगठी बोटास बसत असेल, तर ती उजळून घ्यावी. सैल वा घट्ट असेल, तर माप बदलून घ्यावें. तेंहि न जमल्यास मोडून नवी घडवावी. मात्र मोड देऊन दुकानांतील तयार अंगठी घेणें व आपलेंच सोनें आटवून घडविणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलींत हातीं येणारी अंगठी कोणत्याहि खाणीची असूं शकते. दुसरींत सोनार आपल्या डोळ्यांदेखत सोनें आटवितो. घट किती धरणार व घडणावळ किती घेणार, हें आधीं ठरवावें. जुन्या दागिन्यांत डाकाचें हीण असतें, म्हणून आटविल्यावर कस पुन्हां पारखून घ्यावा. कांहीं डाकांत कॅडमियम असे. त्याचा धूर फुफ्फुसांस फार घातक आहे. यास्तव हें काम धूर बाहेर जाण्याची सोय असलेल्या जागींच करवावें. आपल्या अंगठीपायीं सोनारास रोग होऊं नये.

घरीं सोनें नसेल तर? २०२१ सालीं टोकियोस झालेल्या ऑलिंपिक खेळांचीं पदकें जपानी जनतेनें दिलेल्या जुन्या मोबाईल व इतर यंत्रांतील धातूंचीं केलीं होतीं. त्यांतून सुमारें ३२ किलो सोनें निघालें. असें पुन्हां मिळविलेलें सोनें मागतां येतें. पण सर्वांनींच खाणीच्या सोन्याकडे पाठ फिरविली, तर त्या गरीब खाणकऱ्यांनीं काय खावें, हाहि प्रश्न खरा आहे. त्यासाठीं २०११ पासून 'फेअरट्रेड' या खुणेचें सोनें विकलें जात आहे. त्यांत खाणकऱ्यास ठरलेली किमान किंमत मिळते, मुलांस जुंपतां येत नाहीं, आणि विषारी द्रव्यें जपून वापरावीं लागतात. तें आपल्याकडील पेढ्यांवर सहसा दिसत नाहीं. परंतु गिऱ्हाईकानें विचारलेंच नाहीं, तर पेढीवाला तें कशास आणील?

हिरा बसवावयाचा असेल, तर सुरतेकडे होणारा प्रयोगशाळेंतील हिरा खाणीवांचून मिळतो. मात्र त्यास वीज पुष्कळ लागते, आणि आपल्या देशांतील बरीचशी वीज कोळशाची आहे. म्हणून ती वीज कशावर निघाली, हेंहि विचारावें. खडा नसलेली साधी अंगठी तर या दोन्ही ओझ्यांतून मुक्त असते.

आमचा माजी विद्यार्थी घरीं जाऊन हें सारें बोलला. पुढें मातोश्री स्वतः सोनाराकडे गेल्या, आणि मूस थंड होईपर्यंत तेथून हलल्या नाहींत, असें त्यानें कळविलें. लग्नाच्या उपासनेंत पाळक अंगठीचें वजन विचारीत नाहींत, व ती नवी कीं जुनी हेंहि विचारीत नाहींत. वचन तेवढें विचारतात. पालकहो, आपल्या मुलांनीं उद्यां जुन्या सोन्याची अंगठी मागितली, तर त्यांत कमीपणा मानूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, कोणतीहि मोलाची वस्तु हातांत घेतांना भाव विचाराल, तेव्हां ही कोठून आली, एवढेंहि विचारीत जा.