कोणते शीत उचलावे?

शितावरून भाताची परीक्षा करणारी गृहिणी संख्याशास्त्र शिकलेली नसते. पण एक गोष्ट ती जाणून असते : वरचे शीत कच्चे आणि तळचे करपलेले असू शकते. म्हणून ती पळी तळापर्यंत घालून शीत काढते. बाजारपेठेचा अंदाज घेऊ पाहणारा व्यापारी बहुधा वरचेच शीत उचलतो.

समजा, अंधेरीच्या एका लहान कारखानदाराला नवे बिस्किट काढावयाचे आहे. घरचे दागिने गहाण टाकून यंत्र आणावयाचे, तेव्हा आधी लोकांची आवड पाहणे आले. रविवारी संध्याकाळी तो येथे जुहूच्या चौपाटीवर दोन हजार जणांना बिस्किट चाखावयास देतो. दीड हजार जण 'छान' म्हणतात. पण हे दोन हजार कोण? सुट्टीला फिरावयास आलेले, खिशात भेळेपुरते पैसे असलेले, समुद्राच्या वाऱ्याने भूक खवळलेले! पाळीवर गेलेला कामगार त्यांत नाही. शिवाय फुकटच्या बिस्किटाला वाईट कोण म्हणणार? वीस हजारांना विचारले तरी ही खोट जात नाही.

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. अंदाज निघाला की लँडन अध्यक्ष होणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे बरीचशी टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि उत्तर पाठविण्याची तसदीही सर्वांनी सारखी घेतली नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते कृषि-संशोधन परिषदेत आले. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्या काळात धान्य किती पिकले हा पोटाचा प्रश्न होता. शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची, त्यांत एक तुकडा आखून पीक कापावयाचे आणि धान्य तोलावयाचे, अशी पद्धत बसत होती. पण तुकडा केवढा असावा? प्रा. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. थोड्या खर्चात पुष्कळ ठिकाणी कापणी होते, हे त्यांचे म्हणणे सयुक्तिकच होते. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखविले की फार लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून दिसते. कापणारा काठावरचे रोप नकळत आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात काठ एक इंच बाहेर सरकला, तर क्षेत्र आठ टक्क्यांहून अधिक वाढते. ३३ बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्यात तीच चूक दीड टक्क्यावर राहते. आणि असे हजार लहान तुकडे कापले तरी चूक एकाच बाजूची, ती फिटावी कशी? कागदावर धान्य आहे, कोठारात नाही, असा तो प्रकार.

आता आपल्या कारखानदाराकडे वळू. त्याला वेष्टण बदलून विक्री वाढते का, तेही पाहावयाचे आहे. दिवाळीच्या तोंडावर वेष्टण बदलले, तर वाढ वेष्टणाची की दिवाळीची, हे कळणार नाही. यावर तोड रोनाल्ड फिशर यांची. त्यांचे प्रयोग-रचनेवरील पुस्तक १९३५ चे. अंधेरी ते बोरिवली चाळीस दुकाने घ्यावीत, सारख्या खपाच्या जोड्या लावाव्यात, आणि प्रत्येक जोडीत नवे वेष्टण कोणाकडे जावे ते नाणे उडवून ठरवावे. दिवाळी दोन्हींकडे सारखीच येते.

अनुभवी विक्रेत्याला हे नाणे उडविणे पोरकट वाटते. 'मला दुकाने ठाऊक आहेत, मीच निवडतो,' असे तो म्हणतो. ती ठाऊक असतात म्हणूनच तर नाणे हवे. एरवी नवा माल त्याच्या हातून, त्याच्याही नकळत, चालत्या दुकानांत जाऊन बसतो.