शेत गेलं, भात तेवढाच राहिला: दाट चक्क्यातली पोटभरीची कोशिंबीर

आम्ही तळोज्याच्या बचत गटातल्या बायका आज तुमच्याशी कोशिंबिरीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकवायचं? काकडी चोचवली, दही घातलं, कूट घातलं, झाली कोशिंबीर. आम्हीही असंच म्हणत होतो. पण गेल्या वर्षभरात या कोशिंबिरीनं आमच्या ताटातला भात थोडा बाजूला सरकवला. तो कसा सरकवला, ते सांगायचं आहे.

सुरुवात झाली ती गटाच्या बैठकीत. आरोग्य तपासणीत आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. कुणाला गोळ्या लागल्या, कुणाला 'सांभाळा' असं सांगितलं. हे काही आमच्याच गावाचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या माणसांपैकी शंभरात ११ हून जास्त जणांना मधुमेह असल्याचं आढळलं, आणि आणखी १५ जण त्याच्या उंबरठ्यावर होते.

आम्ही विचार करायला लागलो, की आपल्या आयांना हे कसं नव्हतं? त्याही तांदळाची भाकरी खायच्या, दोन वेळा भात खायच्या. पण त्या चिखलात उभ्या राहून लावणी करायच्या, भारे डोक्यावर आणायच्या, विहिरीचं पाणी भरायच्या. खाल्लेला भात संध्याकाळपर्यंत जिरून जायचा. मग जमिनी प्रकल्पात गेल्या, कारखाने आले, इमारती आल्या. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, २०२३ च्या नोव्हेंबरात पेंधरपर्यंत मेट्रो धावायला लागली. शेत गेलं, पण ताटातला भात तेवढाच राहिला. खरी गोम इथं आहे.

भातात काय असतं?

भात, भाकरी, पोळी, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर या सगळ्यांत कर्बोदकं भरपूर असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते. काम करणाऱ्या अंगाला ती लागतेच, म्हणून कर्बोदकं म्हणजे विष नव्हे. पण लागतील त्याहून जास्त गेली आणि अंग हललं नाही, की साखर रक्तात साचत राहते.

आता हिशेब बघा. एक वाटी शिजलेला भात म्हणजे साधारण १५० ग्रॅम. त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. तांदळाच्या एका मोठ्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं, तर त्यातली ४५ ग्रॅमच्या वर कर्बोदकंच. आणि १०० ग्रॅम काकडीत किती? साधारण ३ ते ४ ग्रॅम. टोमॅटो, मुळा, सिमला मिरचीत ४ ते ६, कोबीत ५ ते ६. कांदा, गाजर आणि बीट यांत थोडी जास्त, ९ ते १० ग्रॅम. म्हणून गाजर-बीट रंगापुरतं घ्यावं. उकडलेला बटाटा आणि मक्याचे दाणे मात्र या कोशिंबिरीत नकोत. ते दिसायला भाजी असले तरी त्यांचा हिशेब भाताच्या बाजूचा.

नुसती काकडी का पुरत नाही?

'सॅलड खा' असं सांगितल्यावर आम्ही काकडी-टोमॅटोच्या चकत्या ताटलीत मांडून खायला लागलो. तासाभरात पोटात कावळे ओरडायचे आणि हात पुन्हा भाताच्या टोपाकडे जायचा. भाज्यांनी पोट फुगतं, पण फार वेळ टिकत नाही. ते टिकायला सोबत थोडी प्रथिनं आणि थोडी स्निग्धता लागते. शहरातले लोक त्यासाठी सॅलडवर दाट पांढरं मेयोनीज घालतात. आमच्या मुलांनीही ती बाटली घरी आणली होती. त्यात कर्बोदकं कमी असतात हे खरं, पण त्यातला मोठा भाग तेलाचाच असतो. शिवाय कच्च्या अंड्याचं मेयोनीज नीट ठेवलं नाही तर जंतू वाढतात. त्यापायी तेलंगण सरकारनं २०२४ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती.

मग आमच्यातल्या एका काकूंनी आठवण करून दिली, की अगो, आपल्याकडे चक्का आहे, फेसलेली मोहरी आहे, दाण्याचं कूट आहे. दाटपणा आणि झणका दोन्ही घरात असताना बाटली कशाला? तेव्हापासून आम्ही ही कोशिंबीर करतो.

साहित्य (सहा जणांसाठी)

भाज्या: काकड्या २, कोबी पाव किलो, मुळे २ लहान (पाल्यासकट), सिमला मिरची १, टोमॅटो २, पांढरा कांदा १, कोथिंबीर मूठभर.

दाट मसाल्यासाठी: सायीसकट दुधाचं ताजं दही अर्धा लिटर, लाल मोहरी १ चमचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट ३ चमचे, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल २ चमचे, हिरवी मिरची १, आलं बोटाच्या पेराएवढं, लिंबू अर्धं, मीठ. साखर अजिबात नको.

कांद्याबद्दल एक सांगतो. आपल्या रायगडातल्या अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे. तो तिखट कमी आणि गोडसर, म्हणून कच्चा खायला चांगला. साखरेची चिमूट त्याच्यामुळेच टाळता येते. तो नसेल तर साधा कांदा चिरून पाच मिनिटं पाण्यात ठेवा, उग्रपणा जातो.

कृती

आधी दही स्वच्छ पंचात बांधून चार तास टांगा. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर आंबतं, म्हणून चाळणीत ठेवून खाली भांडं द्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. श्रीखंडाला करतो तितका कोरडा चक्का नको, चमच्यानं पसरेल इतपत हवा. निथळलेलं पाणी फेकू नका, आमटीत घाला किंवा भाकरीचं पीठ त्यात मळा.

आता मोहरी. ही खरी गंमत आहे. मोहरी खलबत्त्यात बारीक करा, त्यात चार-पाच चमचे थंड पाणी आणि चिमूटभर मीठ घालून चांगली फेसा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की तो तयार होतो. गरम पाणी घातलं किंवा सुरुवातीलाच दही-लिंबू घातलं, तर तो नीट तयारच होत नाही आणि मोहरी नुसती कडू लागते. म्हणून आधी थंड पाणी, मग थांबायचं, मग आंबट. झाकण काढल्यावर नाकात झिणझिण्या आल्या, की समजायचं मोहरी झाली.

त्या मोहरीत तेल थेंब-थेंब टाकत फेसत राहा. मोहरी तेल आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे मिश्रण दाट आणि पांढरट होतं. आता वाटलेलं आलं-मिरची, कूट आणि शेवटी चक्का घालून रवीनं किंवा चमच्यानं एकजीव करा. लिंबू पिळा. फार घट्ट वाटलं तर निथळलेल्या पाण्याचे दोन चमचे घाला.

भाज्या बारीक चिरा, किसू नका. किसलं की पाणी सुटतं आणि चावायला काही राहत नाही. चावावं लागलं तर माणूस सावकाश खातो. मुळ्याचा कोवळा पालाही चिरून घाला. मीठ वाढायच्या वेळीच घाला. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि चक्का पातळ होतो.

एका माणसाला यातली मोठी वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास कोशिंबीर येते. तिच्यात कर्बोदकं साधारण १० ते १२ ग्रॅम. भाताच्या वाटीच्या पावपट धरा.

पावसाळ्यात आणि डब्यात

पावसाळ्यात कच्च्या भाज्यांची आम्हाला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. तेव्हा कोबी, पडवळ किंवा दुधी चिरून दोन-तीन मिनिटं वाफवा, पूर्ण गार करा आणि याच मसाल्यात कालवा. पडवळाची दह्यातली कोशिंबीर आपल्याकडे जुनीच आहे. हिवाळ्यात मुळा, कांद्याची पात, कोवळी मेथी चालते.

कारखान्यात ड्युटीला जाणाऱ्यांच्या डब्यात दह्यातली कोशिंबीर देऊ नका. उकाड्यात ती दोन तासांच्या वर टिकत नाही. त्यांना अख्खी धुतलेली काकडी-टोमॅटो, छोट्या डबीत कूट-मीठ आणि लिंबाची फोड द्या. तिथं चिरून कालवून खातील.

धुण्याबद्दल

कोबीची वरची पानं काढून टाका आणि बाकीची सुटी करून धुवा. सगळ्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि शेवटचं पाणी पिण्याचंच वापरा. पण धुण्यानं माती आणि जंतू जातात, मुळातून आत शोषलेलं जात नाही. आपल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या कडेला पिकलेली पालेभाजी आम्ही स्वस्त मिळाली तरी घेत नाही. घरामागे जुन्या गोणीत माती भरून नळाच्या पाण्यावर मुळा आणि कोथिंबीर लावली आहे. दोघी-तिघींनी मिळून लावलं तर पुरतं.

भात एकदम सोडू नका

हे नीट ऐका. आमच्यातल्या एका मावशींनी साखरेच्या गोळ्या चालू असताना एके दिवशी भात-भाकरी दोन्ही सोडलं आणि नुसती कोशिंबीर खाल्ली. संध्याकाळी घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर खाली गेली होती. शेजारणीनं वेळेवर साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते औषधाचं प्रमाण बघतील. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी भाज्या किती आणि कोणत्या खाव्यात तेही त्यांनाच विचारावं. गरोदर बाईनं कच्ची मोड आलेली कडधान्यं टाळावीत आणि भाज्या वाफवून घ्याव्यात.

आम्ही केलं ते असं. दोन वाट्या भाताची एक वाटी केली. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर संपवायची, मग डाळ किंवा मासे, आणि भात शेवटी. आधी भाजी पोटात गेली की मागून आलेल्या भाताची साखर रक्तात सावकाश चढते. सणाला, हळदीला, पाहुण्यांपुढे भात असतोच, त्याला नाही म्हणत नाही. रोजच्या ताटाचं बोलतोय.

आता शेवटचं. पहिले पंधरा दिवस आम्ही कोशिंबीर केली, ती घरात सगळ्यांना आवडली. पण वाढून झाल्यावर आम्ही जेवायला बसायचो तेव्हा भांडं रिकामं, आणि टोपात उरलेला भात आमच्या वाट्याला. गोळ्या आम्हाला चालू आणि कोशिंबीर दुसऱ्यांच्या ताटात! बैठकीत हे एकीनं सांगितलं तर सगळ्याच हसल्या, कारण सगळ्यांच्याच घरी तेच चाललं होतं. तेव्हा गटात ठरलं, की कालवण्याआधी आपल्या वाट्याची वाटी काढून झाकून ठेवायची. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "ही कुणासाठी गो?" आम्ही म्हटलं, "एक तुमची, एक माझी." त्यांनाही साखर आहेच की. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वाट्या त्यांनीच काढून ठेवल्या.

तर मैत्रिणींनो, आज रात्री दही टांगा आणि उद्या दोन वाट्या झाकून ठेवा. तुमच्या गटात कशी झाली ते पुढच्या वेळी आम्हाला सांगा. नमस्कार.